त्या होत्याच, सिनेमावाल्यांनी काढल्या

सध्या नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं की जुन्या काळच्या मुलींच्या बोर्डिंग शाळेवर सिनेमा काढला की आजकाल त्यात एखादी काळी-सावळी मुलगी घुसवतातच, तेव्हा तर सगळ्या गोऱ्याच असायच्या, 'द बिगाइल्ड' या सिनेमात जसं होतं तसं दाखवलं म्हणून दिग्दर्शिका सोफिया कोपोलाला शिव्या खाव्या लागल्या, आपल्याकडे हा प्रश्न कधी नव्हताच, मग आपण कशाला मधे पडायचं, आणि असल्या सिनेमांत तिकिटाचे पैसे वाया जातात. एकेक बघू.

"तेव्हा सगळ्या गोऱ्याच असायच्या." कोण म्हणतं? एडिनबर्गजवळ दोन शिक्षिका मुलींचं बोर्डिंग चालवायच्या, तिथे जेन कमिंग नावाची मुलगी होती, बाप ईस्ट इंडिया कंपनीतला स्कॉटिश, आई हिंदुस्थानी. 1810 मध्ये तिने आजीला सांगितलं की या दोघी बाईंचं आपसात काहीतरी आहे, झालं, पालकांनी भराभर पोरी काढून नेल्या, शाळा बसली, बाया कोर्टात गेल्या आणि केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन 1819 मध्ये त्यांच्या बाजूने लागली. कोर्टात तर या पोरीच्या डोक्यात असलं हिंदुस्थानातूनच आलं असणार, इथपर्यंत चर्चा झाली! यावरून 1934 मध्ये अमेरिकन नाटककार लिलियन हेलमनने 'द चिल्ड्रन्स अवर' नाटक लिहिलं, 1961 मध्ये ऑड्री हेपबर्नला घेऊन सिनेमा आला, आणि त्यात ती मुलगी कोण, तर अमेरिकन गोरी. कोर्टाच्या कागदांत असलेली अर्धी हिंदुस्थानी पोरगी पडद्यावरून साफ गायब, आणि आपण बोंब मारतोय घुसवल्याची.

जेन ऑस्टिनची 1817 ची अर्धी राहिलेली कादंबरी 'सँडिटन' घ्या. त्यात मिस लँब आहे, वेस्ट इंडिजची, मिश्र रक्ताची, बोर्डिंगवाल्या बाईंबरोबर समुद्रावर येते, सोबत स्वतःची मोलकरीण, आणि सगळ्यात चांगली खोली तिलाच, कारण पैसा तिच्याकडे. बाईंना रंगाआधी फी दिसते.

आता 'द बिगाइल्ड'. 1864, अमेरिकेतलं व्हर्जिनिया, तिथलं यादवी युद्ध चालू, मुलींची शाळा. थॉमस कलिननच्या 1966 च्या कादंबरीत तिथे मॅटी नावाची गुलाम बाई आहे, 1971 च्या सिनेमात ते पात्र माए मर्सरने केलंय, नाव हॅली. 2017 च्या सिनेमात कोपोलाने ते पात्रच उडवलं, गुलाम निघून गेले असं एका वाक्यात सांगून. कादंबरीत एडविना मिश्र रक्ताची आहे, इथे ती गोरी नटी कर्स्टन डन्स्ट. युद्धात गुलाम पळून जात होते हे खरंय, पण मूळ गोष्टीत असलेली बाई काढायची आणि वर "जसं होतं तसं दाखवलं" म्हणायचं, हे काही जमत नाही राव. एवढा गंभीर विषय वरवर हाताळायचा नव्हता, असं कोपोलाचं म्हणणं होतं. मग नीट हाताळायचा ना! ती पांढरी झालर-झालर फ्रॉकं कोणाच्या कष्टाच्या पैशातून आली, हे कळलं असतं तर सिनेमा जास्त चावला असता, असं माझं मत.

आणि "आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता" हे नाशिककराने म्हणावं? शरणपूर रोडने रोज जाता ना? ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनने वसवलेली वस्ती. 1860 च्या दशकात इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहून शिकायची, मुलगे आणि मुलीही. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी-शोधक लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये तिथेच वारला तेव्हा त्याच्या आठवणीची अक्षरं झाडावर कोरणारा तोच, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोच. मुलींची नावं मात्र कोणाच्या तोंडी नाहीत. आणि शाळेत कोणाला घ्यायचं हा वाद आपल्याला नवा असता तर फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तो निबंध कशाला लिहिला असता.

एक मान्य. सगळ्या रंगांच्या पोरी एका बाकावर हसतखेळत बसवायच्या आणि कोणी कोणाला काही बोलतच नाही, असा सिनेमा मलाही खोटा वाटतो. पण त्यावर उपाय पोरगी काढणं नाही, तिच्या शेजारी कोण बसत नव्हतं ते दाखवणं आहे.

शेवटचा मुद्दा, असल्या सिनेमांनी तिकिटाचे पैसे वाया जातात. पॉपकॉर्नचे जास्त जातात, त्यावर कोणी फॉरवर्ड काढत नाही.