पाच सप्तकांची म्हैस

कोल्हापुरात कॅसिओ ही कंपनी नाही, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डांची अख्खी जात आहे. "यामाहाचा कॅसिओ हाय का?" असं गिऱ्हाईक बिनदिक्कत विचारतं आणि दुकानदारही न हसता काढून दाखवतो. मे महिना लागला की घरातल्या पोरीला पेटी शिकायची हुक्की येते, पेटीपेक्षा कॅसिओ बरा असं आत्या ठरवते, आणि तो दिवाळीपर्यंत कपाटावर चढणार हे बापाला मनोमन ठाऊक असतं. म्हणून जुना बघायचा. आणि जुना म्हटलं की गल्लीतला प्रत्येक जण त्यातला जाणकार.

माझं म्हणणं एवढंच, की म्हैस घेताना जे करता तेच करा. दात बघा आणि धार समोर काढायला लावा. गंगावेशीत पेलाभर दूध पितानाही धार डोळ्यांदेखत पडायला हवी असा आपला हट्ट. तोच माणूस हजारोंचं यंत्र मात्र नुसता डेमो ऐकून उचलतो!

डेमो ही विकणाऱ्याची मोहिनी. एक बटण दाबलं की ड्रम, बासरी, व्हायोलिन सगळी वरात सुरू. "भावा, नाद खुळा पीस हाय. पोरानं दोनदाच वाजीवलाय." पण डेमो आतल्या चिपमधून येतो. ६१ च्या ६१ पट्ट्या मेलेल्या असल्या तरी तो तितकाच दणदणीत वाजेल. स्पीकर जिवंत आहेत, एवढंच त्यातून कळतं.

तेव्हा डेमो बंद, ताल बंद, पियानोचा टोन लावा. डावीकडून एकेक पट्टी दाबत जा: ३६ पांढऱ्या, २५ काळ्या, प्रत्येक एकदा हळू, एकदा जोरात. आंब्याची पेटी तळापर्यंत उपसणाऱ्या जावयाकडे बघावं तसा विकणारा तुमच्याकडे बघेल. बघू दे. पट्ट्यांखाली रबराची फीत असते आणि तिच्यावर कार्बनचे काळे ठिपके. दाबल्यावर ठिपका खालच्या सर्किटला टेकतो आणि सूर निघतो. टच रिस्पॉन्सच्या, म्हणजे जोरात दाबलं की मोठ्यानं वाजणाऱ्या, मॉडेलात एका पट्टीखाली असे दोन ठिपके. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून बोटाचा जोर ठरतो. मध्ये घाण बसली की पट्टी मुकी होते, नाहीतर कितीही मायेनं दाबा, बोंबलतेच. ऑर्केस्ट्रात फिरलेला पीस उघडला तर आत जोतिबाच्या डोंगरावर निघेल एवढा गुलाल. एवढ्याला घाबरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडनं पुसून, वाळवून, फीत परत बसवली की बहुतेकदा भागतं. पॉलिश पेपर मात्र लावायचा नाही, घाणीबरोबर कार्बनही जातो. पण ठरावीक अंतरानं पट्ट्या गप्प असतील, किंवा सलग घोळकाच मुका असेल, तर तो गुलाल नव्हे. पट्ट्यांची जोडणी आडव्या-उभ्या ओळींत असते. त्यातली एखादी ओळच तुटलेली असते. चहा प्या आणि निघा.

सगळ्यात धोक्याचं वाक्य: "अ‍ॅडॉप्टर काय, कुठलाबी चालतंय." चालत नाही! बऱ्याच जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा आतला भाग ऋण असतो. नंतरच्या अनेक मॉडेलांना ९.५ व्होल्ट आणि आतला भाग धन. यामाहाच्या घरगुती मॉडेलांना बहुधा १२. मागच्या बाजूला आकडा आणि गोलातली खूण छापलेली असते, ती वाचा. सेलचं झाकणही उघडा. स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशी म्हणजे सेल आत फुटून वाहिलेत.

आवाजच नसेल तर हेडफोन लावून बघा. कानात सूर आला, तर बऱ्याचदा जॅकमधला स्विच अडकलेला असतो, आणि पाच-सहा वेळा पिन आत-बाहेर केली की स्पीकर बोलतो. हे पैसे ठरवण्याआधी करायचं की नंतर, ते ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर.

टेप न्या. पांढरी एक म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी पट्टी. तिच्या डाव्या कडेपासून पुढच्या पांढरी एकच्या डाव्या कडेपर्यंत साधारण १६.५ सेंटिमीटर भरले पाहिजेत. बरेच कमी भरले तर ते खेळणं. बोटांना खोटी सवय लागते. आणि ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारी सोय, शून्यावर आणा. ट्रान्सपोज तीनवर राहिला तर पांढरी एक दाबल्यावर काळी दोन बोलते. मग सर म्हणतात बेसूर, पोरगी म्हणते तुम्ही सांगितलीत तीच दाबली, आणि दोघंही खरं बोलत असतात.

दोनशे ताल, चारशे टोन यांचे पैसे देऊ नका. शिकणाऱ्याला टोन एक पुरतो, आणि ताल लागला की पोरगी सा रे ग म सोडून नाचतेच. नव्याच्या निम्म्यावर मी तरी जाणार नाही; अ‍ॅडॉप्टर नसेल तर त्याची किंमत वजा.

घरी नेताना चादरीत गुंडाळा, पट्ट्या आपल्या पोटाकडे, अ‍ॅडॉप्टर वेगळा. आणि गाडीवर मागे बसणाऱ्यानं तो उभा धरावा. महाद्वार रोडवरून आडवा नेलात तर दोन्ही बाजूंचे लोक वाजतात, तेही टच रिस्पॉन्ससकट.