चार इंच लिफ्ट आणि तेहतीस इंची टायर: जुन्या पिकअपसाठी फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुना फोर-बाय-फोर पिकअप घेतला की एक सल्ला कुठून ना कुठून फोनवर येऊन पडतोच. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: ‘दहा वर्षांच्या पिकअपला चार इंची लिफ्ट किट आणि तेहतीस इंची टायर टाका. ग्राउंड क्लिअरन्स चार इंचांनी वाढतो, दबलेलं सस्पेन्शन नवं होतं, ब्रेक आणि गिअरवर काही परिणाम होत नाही, स्पीडोमीटर किंचित चुकतो तेवढंच. चिखलात रुंद टायरला तोड नाही. आणि आरटीओ काही विचारत नाही.’ (लिफ्ट किट म्हणजे गाडीला चाकांपेक्षा वर उचलणारे सुटे भाग; ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीखालचा सर्वांत खालचा भाग यांमधलं अंतर.)

हा सल्ला ऐकून लोक लाखाच्या घरात पैसे घालतात आणि त्याच गाडीत बायकापोरांना बसवून ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरतात. म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा. उदाहरणाला इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस घेतो. ती २०१६ मध्ये भारतात आली, त्यामुळे आज जुन्या बाजारात मिळते आणि लिफ्ट किटच्या गप्पा तिच्याभोवतीच जास्त होतात. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात), मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा भाग) आणि पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), अशी तिची रचना. सुरुवातीच्या गाड्यांचा टायर २४५/७० आर १६, म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १६ इंची.

पहिला दावा क्लिअरन्सचा. किट गाडीची चासी वर उचलतं, पण मागचा अखंड ॲक्सल चाकांनाच जोडलेला असतो. त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा (ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरचा) गोळा हा मागचा सर्वांत खालचा भाग, आणि दगडावर आधी तोच आपटतो. तुम्ही चार इंच लिफ्ट करा की दहा इंच, तो गोळा मिलिमीटरभरही वर जात नाही. त्याला वर नेतो फक्त टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानं. हिशेब सोपा आहे. २४५/७० आर १६ चा व्यास साधारण ७४९ मिमी. ‘तेहतीस इंची’ म्हणून विकला जाणारा २८५/७५ आर १६ भरतो ८३४ मिमी. फरक ८५, त्याचा अर्धा ४२. म्हणजे दीड इंचाहून थोडं जास्त. चार इंचांचा दावा इथे दीड इंचावर येतो आणि तो दीड इंचही किटनं दिलेला नसतो, टायरनं दिलेला असतो.

लिफ्टचा काहीच उपयोग नाही, असं मात्र मी म्हणत नाही. बंपर, चासीचा मध्य आणि मागचा ओव्हरहँग (चाकापलीकडे निघालेला भाग) वर जातात, त्यामुळे चढ लागताना नाक टेकत नाही आणि उंचवट्यावर पोट अडकत नाही. पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लांब, म्हणून पोट अडकणं हा त्याचा खरा त्रास असतो. पण स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत खरंखुरं चार इंची किट बसवायचं, तर पुढचा डिफरन्शियल ब्रॅकेट लावून पुन्हा खाली आणावा लागतो, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचे (पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे) कोन सहन होत नाहीत. म्हणजे पुढे जी उंची मिळाली, तिचा बराचसा भाग नेमक्या त्याच जागी परत द्यायचा.

आता ‘सस्पेन्शन नवं होतं’ हा दावा. सगळ्यांत जास्त नुकसान यानंच होतं. स्वस्तात ‘लिफ्ट किट’ म्हणून जे मिळतं, ते पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडाच्या) डोक्यावर ठेवायचे स्पेसर (जाड चकत्या) आणि मागे पाट्यांखाली ठेवायचे ठोकळे किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी). यात नवं काय आलं? स्प्रिंग जुनीच, शॉक जुनेच, दहा वर्षं वाळलेले बुशही (सांध्यांतले रबरी तुकडे) जुनेच. उलट स्पेसरमुळे पुढचा कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारा दांडा) आधीच खाली झुकलेला राहतो. चाक खड्ड्यात उतरायला जागा उरत नाही, बॉल जॉइंट (त्या दांड्याच्या टोकाचा गोल सांधा) टोकाच्या कोनात काम करतो, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटतात आणि त्यातून ग्रीस बाहेर, धूळ आत. कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) बिघडला की हायवेवर गाडी भरकटते आणि स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही. साधारण ४० ते ५० मिमीच्या पुढे गेलात की वरचे कंट्रोल आर्म बदलल्याशिवाय अलाइनमेंट जागेवर येणं कठीण. तेवढे पैसे त्या सल्ल्यात कोणी मोजलेलेच नसतात.

मागची बाजू अजून गंभीर. लांब शॅकल लावला की ॲक्सल थोडा फिरतो, पिनियनचा (त्यातल्या छोट्या गिअरचा) कोन बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्टचे (मागच्या ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे आवाज करू लागतात. एकावर एक दोन ठोकळे ठेवणं तर सरळ धोका आहे, कारण जोर लागला की पाटे पिळवटतात आणि ठोकळा सरकू शकतो. जुने यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) सोडवून तेच पुन्हा आवळणारा मिस्त्री दिसला, तर गाडी तिथून घेऊन जा. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही.

बऱ्याच जुन्या पिकअपना मागच्या ॲक्सलशी छोट्या दांड्यानं जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व असतो. हौद्यात माल भरला की गाडी दबते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उचलली की व्हॉल्वला हौदा कायम रिकामाच वाटतो आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. तो दांडा जुळवून घेतला का, मागची ब्रेकची नळी पुरेशी लांब आहे का, हे प्रश्न गॅरेजमध्ये स्वतः विचारा.

यातूनच ‘ब्रेकला काही होत नाही’ हा दावा कोसळतो. टायर ११ टक्के मोठा झाला की त्याच ब्रेकमधून रस्त्यावर पडणारी ताकद जवळपास १० टक्क्यांनी घटते. शिवाय मोठ्या चाकाचं वजन जास्त, त्याचा वेग मोडायलाही ब्रेकच राबतो. लांब उतारावर हा फरक पायाला कळतो. गिअरचंही तसंच. फायनल ड्राइव्ह (ॲक्सलमधल्या गिअरचं प्रमाण) ४.१ चा असेल, तर तेहतीस इंची टायरवर तो ३.७ असल्यासारखा वागतो. चढणीवर खालचा गिअर घ्यावा लागतो, लो रेंजमध्येही (फोर-बाय-फोरच्या सावकाश, जोरदार गिअरमध्येही) गाडी हवी तितकी सावकाश रांगत नाही, आणि मग जो तो क्लचवर गाडी धरतो. जुन्या गाडीचा क्लच अशानं जळतो. उपाय क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी) बदलण्याचा, तोही फोर-बाय-फोरमध्ये पुढचा आणि मागचा दोन्ही. आपल्याकडे तो सहज मिळत नाही.

उंचीचा आणखी एक हिशेब करून पाहा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५७० मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७२० मिमीवर आहे असं धरू. अंतराच्या निम्म्याला उंचीनं भागलं की १.०९ येतं. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य १०० मिमीनं वर गेला, तर तोच आकडा ०.९६ होतो. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर लवकर कलंडते. टपावर कॅरिअर आणि हौद्यात सामान असेल तर तो आणखी उतरतो.

स्पीडोमीटरचं थोडक्यात. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८९ वर असते, काटा १०० वर असताना १११. याला किंचित म्हणत नाहीत. ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजतो, म्हणून सर्व्हिस उशिरा होते. मोठ्या टायरनं मायलेज फारच पडतो, असं घाबरवणारेही मात्र चुकतात: चुकीच्या ओडोमीटरवरून काढलेला मायलेज खऱ्यापेक्षा कमीच येतो. ती दुरुस्ती केल्यावरही घट उरतेच, पण ऐकीव आकड्याइतकी नाही.

रुंद टायर वाळूत तरंगायला उत्तम, हे खरं. पण आपल्या पावसाळ्यात, कोकणातल्या तांबड्या मातीच्या निसरड्या थराखाली बहुतेक वेळा घट्ट जमीन असते. तिथे अरुंद टायर थर कापून खाली पकड शोधतो, रुंद टायर वरच्या वर घसरतो. आणि ज्या गोष्टीनं खरा फरक पडतो ती जवळपास फुकट आहे: टायरमधली हवा. खडबडीत वाटेवर ३५ पीएसआयवरून २० च्या आसपास उतरलं की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि तोच टायर वेगळा वागतो. सोबत चांगला कॉम्प्रेसर ठेवा, डांबरावर येताना हवा पुन्हा भरा.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवतं. रस्त्यात कोणी अडवलं नाही म्हणजे बदल चालतो असं होत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, आणि न कळवलेला बदल दावा फेटाळायला कारण पुरवतो. समोरच्या गाडीतला माणूस जखमी असेल, तर हा विषय फक्त तुमच्या खिशापुरता उरत नाही.

मग जुन्या पिकअपवर पैसे कुठे घालायचे? आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजा आणि त्याच मॉडेलच्या न दबलेल्या गाडीशी ताडून पाहा. दहा वर्षांत मागचे पाटे बसलेले असतात. लोक लिफ्टमधून जे विकत घेतात, त्यातलं बरंचसं हे हरवलेलंच असतं. मूळ मापाचे नवे पाटे, चांगले शॉक, सगळे बुश, नवे यू-बोल्ट आणि पुढचे बॉल जॉइंट यांवर खर्च केला की गाडीची मूळ उंची आणि मूळ चाल दोन्ही परत येतात. त्यानंतर मूळ मापातलाच ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर. मोठं चाक हवंच असेल, तर व्ही-क्रॉसच्या नंतरच्या गाड्यांना कंपनीनंच दिलेला २५५/६० आर १८ बघा. त्याचा व्यास ७६३ मिमी, वाढ जेमतेम दोन टक्के. मात्र आपल्या नोंदणीत तो बसतो का, हे आधी आरटीओत विचारून घ्या.

टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी नको. बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण त्याचं रबर वाळलेलं असतं. आणि पाचही टायर एकाच मापाचे घ्या. तेहतीस इंची स्टेपनी हौद्याखालच्या मूळ जागेत बसवायला अनेकदा अडचण येते, म्हणून लोक जुनीच लहान ठेवतात. पंक्चर झाल्यावर ती लावून डांबरावर फोर-व्हीलमध्ये गाडी चालवली, तर वेगवेगळ्या व्यासाची चाकं ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) दातांवर ताण टाकतात, आणि जुन्या गाडीत त्या दुरुस्तीचं बिल टायरच्या सेटहून मोठं येऊ शकतं.