कृतज्ञतेच्या वहीचा फोटो ग्रुपवर मागू नका

सध्या शाळांमध्ये दोन विषय जोरात आहेत. मुलांचा मोबाईल आणि मुलांची कृतज्ञता. पहिल्यावर पालकसभेत भाषणं होतात, दुसऱ्यासाठी कोणाकोणाचे आभार मानावेसे वाटतात ते लिहायला मुलांना वेगळी वही घालायला सांगतात. आणि मग त्या वहीच्या पानाचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लावतात! फोन कमी वापरा म्हणायचं आणि पुरावा फोनवरच मागायचा. मी स्वतः शिक्षक आहे, सातवीचा वर्ग माझ्याकडे आहे, तेव्हा हे घरचंच गाऱ्हाणं समजा.

आमच्याकडच्या बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच. तो वडिलांच्या खिशात, आणि वडील घरी येणार रात्री आठला. गृहपाठ ग्रुपवर पडलेला असतो. फोन हातात आला की अभ्यास पाच मिनिटांत वहीत उतरतो, आणि नंतरचा तासभर रील्स. फोन मागायला कारण आपणच दिलेलं, त्यामुळे आईला 'ठेव तो' म्हणायचीही सोय नाही. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना आदल्या आठवड्यातल्या स्मार्टफोन वापराबद्दल विचारलं होतं. शिक्षणासाठी वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. माझ्या वर्गात विचारलं तर दुसरा आकडा आणखी वर जाईल.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाईल बंद. बातम्यांचा सगळा भर मुलं अभ्यासाला बसतात यावर होता. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: टीव्ही मोठ्यांचाही बंद होतो. मालिका बघणारी आजी आणि क्रिकेट बघणारा काका, दोघंही त्यात आले. आपल्या शाळांचे बहुतेक उपक्रम नेमके इथेच गळतात. 'मोबाईलचे दुष्परिणाम' या विषयावर निबंध लिहून घेणारे आम्ही, परिपाठ चालू असताना मोबाईल उंच धरून फोटो काढत उभे असतो. वृक्षारोपण, फोटो. हात धुवा दिन, फोटो. वर पाठवावेच लागतात, ही आमची अडचण मला ठाऊक आहे. पण मुलं मौन पाळताना एक डोळा किलकिला करून सरांचा कॅमेरा कुठे फिरतोय ते बघतात, हेही रोज दिसतं.

आता वहीचं. कृतज्ञतेच्या नोंदी हे नुसतं फॅड नाही. फ्रो, सेफिक आणि एमन्स या संशोधकांनी २००८मध्ये अमेरिकेतल्या ११ वर्गांतल्या २२१ मुलांवर हा प्रयोग केला, साधारण आमच्या सहावी-सातवीच्याच वयाची मुलं. काहींनी दोन आठवडे रोज आपण कशाकशाबद्दल ऋणी आहोत ते लिहिलं, काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटातल्या मुलांना शाळा जास्त बरी वाटू लागली, हा मला त्यातला सगळ्यात कामाचा भाग वाटतो. अर्थात पुढे झालेल्या अभ्यासांत अशा नोंदींचा परिणाम माफकच दिसतो. वही घातली आणि पोरं सुधारली, असं काही नसतं.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्या वह्यांत तेच: आई, बाबा, देव, शिक्षक, सैनिक. फळ्यावरचा सुविचार उतरवावा तसं. मग प्रश्न बदलला: 'काल तुझ्यासाठी कोणी असं काय केलं, जे त्याला करावंच लागणार नव्हतं?' एक मुलगा बराच वेळ पेन चावत बसला आणि मग लिहिलं, 'पास घरी राहिला होता, कंडक्टरकाका म्हणाले बस गप.' एकीने लिहिलं, 'ताईने तिचा नेट संपत आलेला तरी मला हॉटस्पॉट दिला.' आणखी एकीची पुण्याची आत्या व्हिडिओ कॉलवर भागाकार समजावते, तेही आलं. म्हणजे फोन या वह्यांतही आहेच, आणि असू दे. आत्याचा कॉल आणि तासभराच्या रील्स यांना एकाच मापाने मोजणारे मोठे लोक मुलांना खरे वाटत नाहीत, आणि मग आपलं बाकीचंही ती ऐकत नाहीत.

खिचडी करणाऱ्या मावशींबद्दलही बऱ्याच जणांनी लिहिलं. ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. (महिना अडीच हजार मानधनावर त्या राबतात. मुलांचे आभार त्यांना पोचले, मानधनवाढ पोचायची आहे.) त्या दिवशी मोबाईल मुद्दाम टेबलाच्या खणात ठेवला होता. एक मुलगी म्हणाली, "सर, फोटो नाही काढायचा?" नाही म्हटल्यावर तिला जरा चुकल्यासारखं वाटलं, कारण फोटो नाही म्हणजे कार्यक्रम झालाच नाही, हे शाळेनेच तिला शिकवलंय.

मोठे कायदे करणारे करोत. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडिया खाती बंद केली आहेत, त्याचं काय होतं ते दिसेलच. आपल्या हातात आहे ते फार लहान आहे. गृहपाठ फळ्यावर लिहायचा आणि वर्गातच उतरवून घ्यायचा. संध्याकाळी सातनंतर वर्गाच्या ग्रुपवर शिक्षकाने काही टाकायचं नाही, 'गुड नाईट'चं गुलाबाचं फूलसुद्धा नाही. कृतज्ञतेच्या वह्या तपासायच्या, पण त्याला गुण नाहीत आणि फोटो नाहीत. ज्या मुलाला लिहायचं नसेल त्याने नाही लिहिलं तरी चालेल. घरात दारू आणि मारहाण बघून आलेल्या पोराकडून सकाळी सकाळी आभार वसूल करणं हा छळ आहे.

पुढच्या पालकसभेत हे मांडणार आहे. एक अडचण मात्र सुटलेली नाही: गैरहजर मुलांना अभ्यास कळवायचा कसा? शेजारच्या मुलाकडून वही न्यावी तर वस्तीवरची मुलं एकेकटी राहतात. ज्या शिक्षकांनी ग्रुपवरचा गृहपाठ बंद करून पाहिला आहे, त्यांनी यावर काय केलं ते कमेंटमध्ये सांगा.