नायमेखनची ‘नवी नदी’ आणि सांगलीचा पूर

कृष्णेचं पाणी चढू लागलं की एक मेसेज हमखास फिरतो: ‘नेदरलँड्सने नायमेखनला नवी नदी खोदून पूर कायमचा संपवला. सांगलीला वळसा घालून कृष्णेलाही दुसरं पात्र काढा. हवी फक्त इच्छाशक्ती.’ सोबत ड्रोनचा देखणा व्हिडिओ. व्हिडिओ खरा आहे, मजकुराचं तसं नाही.

‘नवी नदी खोदली.’ खोदला तो वाल नदीचा तीन-साडेतीन किलोमीटरचा फाटा. त्याच्या वरच्या तोंडाशी उंबरा आहे. नदी चांगली चढल्याशिवाय पाणी त्यावरून आत येत नाही. एरवी तिथे लोक पोहतात, होड्या वल्हवतात. आणि खोदाई ही तर पुढची गोष्ट. वाल नायमेखनपाशी वळते आणि नेमकी तिथेच अरुंद होते. म्हणून आधी पलीकडच्या काठावरच्या लेंट गावाचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, मग मोकळ्या झालेल्या जागेत फाटा काढला. त्यात पन्नासएक घरं गेली. ती व्हिडिओत कुठून दिसणार?

‘पूर कायमचा संपला.’ मोठ्या पुरात तिथली पातळी सुमारे 35 सेंटिमीटरने उतरेल, असा हिशेब आहे. म्हणजे सव्वा फूटसुद्धा नाही. डचांना तेवढंही मोलाचं, कारण मागे भक्कम बांध आहेत आणि नदीला जागा देण्याची अशी कामं त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी केली. आपल्याकडे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी गेलं 57 फुटांवर. करा वजाबाकी.

‘सांगलीतही तसंच करा.’ वळवलेलं पाणी सोडणार कुठे? शहराला लागूनच हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम फुगल्या की खालचं पाणी हलत नाही आणि वरचं तुंबतं. संगमाच्या वर पाणी परत नदीत आणलं, तर ते फुगवट्यातच ओतल्यासारखं. संगमाखाली सोडायचं, तर पात्र लांबणार, जमीन जास्त जाणार, आणि खालच्या गावांना पाणी लवकर गाठणार. त्या गावांना कुणी विचारलंय?

राहिली इच्छाशक्ती. ती कुठे लागते ते लेंटमध्ये दिसलं: नदीकाठची घरं हलवायला. आपल्याकडे पुराचं पाणी आधी शिरतं ते दत्तनगर, काकानगरात, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी पूरपट्ट्यात भराव पडतात, ओढे बुजतात, भरावावर प्लॉट विकले जातात. नवं पात्र आखायला बसलं, तर पहिली रेघ याच प्लॉटांवरून जाईल. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आपला सातबारा एकदा नकाशावर ठेवून बघावा.