डिस्क घेतली तरी गेम कायमचा तुमचा होत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय. डिस्क घेतली की गेम कायमचा आपला. डिजिटल हवा असेल तर पूर्ण किंमत कशाला मोजता, ‘प्रायमरी अकाउंट’ घ्या, तेही कायमचंच. एकट्याने खेळायच्या गेममधून आपली माहिती कुठे जात नाही. आणि काही बिनसलंच, तर कंपनी परदेशातली, इथून काही करता येत नाही. या चारही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यातल्या दुसरीपायी शाळकरी मुलांचे पैसे बुडतात, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आधी डिस्क. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गेम 2014 मध्ये आला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीचा सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्कवाल्यांचा गेमही त्याच दिवशी संपला. 2022 च्या ‘मॉडर्न वॉरफेअर 2’ गेमच्या पीएस5 (सोनीचा प्लेस्टेशन 5 कन्सोल) डिस्कवर जेमतेम 70 एमबी डेटा होता, बाकी सगळं डाउनलोड. निन्टेन्डो स्विच 2 या कन्सोलच्या गेम-की कार्डात तर गेम नसतोच. कार्ड लावून तो उतरवून घ्यायचा आणि पुढे खेळताना दर वेळी कार्ड लावायचं.

डिस्कचा फायदा आहे, नाही असं नाही: ती विकता येते, मित्राला देता येते. पण जुनी डिस्क घेताना कव्हरच्या मागे इंटरनेट लागेल असं लिहिलंय का ते वाचा, आणि चालली नाही तर परत घेणार का हे दुकानदाराला आधीच विचारा. घरी आल्यावर कन्सोलचं नेट बंद करून डिस्कवरून गेम टाका आणि सुरू करून बघा. त्याच दिवशी खरं काय ते कळतं.

आता ‘प्रायमरी अकाउंट’. विकणारा एका पीएसएन (प्लेस्टेशनची ऑनलाइन सेवा) अकाउंटवर गेम विकत घेतो आणि लॉगिन-पासवर्ड तुम्हाला देतो. तुम्ही ते पीएस5 वर टाकून ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू करता आणि मग आपल्या प्रोफाइलवरून खेळता. ही सोय एका अकाउंटला एकाच पीएस5 वर मिळते. तेच अकाउंट ‘सेकंडरी’ म्हणून, म्हणजे त्याच अकाउंटवरून लॉगिन करून खेळायला, दुसऱ्याला विकलेलं असतं, आणि पीएस4 ची जागा तिसऱ्याला. मूळ ईमेल विकणाऱ्याकडेच राहतो. सगळी उपकरणं एकदम निष्क्रिय करण्याची सोय वेबसाइटवर सहा महिन्यांतून एकदा वापरता येते. त्याने ती वापरली की तुमच्या गेमवर कुलूप येतं आणि तोच गेम पुन्हा नव्या गिऱ्हाइकाला विकला जातो. त्याने फसवलं नाही तरी धोका टळत नाही. कन्सोल दुरुस्तीला दिला किंवा रीसेट केला की पुन्हा लॉगिन लागतं, आणि टू-स्टेप पडताळणीचा कोड विकणाऱ्याच्या फोनवर जातो. अकाउंट विकणं सोनीच्या अटींत बसत नाही, त्यामुळे कंपनीकडे दाद मागायलाही जागा नाही.

स्वतःच्या अकाउंटवर घेतलेला डिजिटल गेम याहून बरा, पण तोही परवानाच, म्हणजे खेळायची परवानगी, मालकी नव्हे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 1 जानेवारी 2025 पासून दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. पीसी गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमवर पैसे भरताना आता ती सूचना दिसते. स्टीमच्या बॅकअप फायली आपल्याकडे ठेवल्या तरी त्या परत बसवायला स्टीम लागतंच. गेम खरोखर हाताशी हवा असेल तर जीओजी या ऑनलाइन दुकानातून ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवा. इन्स्टॉलरच्या ईएक्सई आणि बिन (.exe, .bin) फायली एकाच फोल्डरमध्ये, बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा आणि नेट बंद करून एकदा बसवून बघा. एक बिन फाइल राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं.

माहितीबद्दल थोडक्यात. ‘फार क्राय प्रायमल’ हा एकट्याने खेळायचा गेम. दहा मिनिटांत तो बाहेरच्या सर्व्हरशी 150 वेळा जोडला गेला, अशी तक्रार नॉयब या खासगी माहितीच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने एप्रिल 2025 मध्ये ऑस्ट्रियात केली. पीएस5 वर सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, प्रायव्हसी, ‘डेटा यू प्रोव्हाइड’ इथे ‘लिमिटेड’ निवडा. सगळं थांबत नाही, पण कमी होतं.

‘इथून काही करता येत नाही’ हे सगळ्यात घातक, कारण ते ऐकून माणूस तक्रारच करत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग आयोगाची तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर करा. वाशी-नेरुळकरांसाठी ठाण्याचा अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात आहे. खारघर-कामोठे मात्र रायगड जिल्ह्यात, त्यांचा आयोग अलिबागला. नवी मुंबई म्हणून सरसकट बेलापूरला जाऊ नका. टेलिग्रामवरून गेमचं अकाउंट विकत घेऊन फसला असाल तर आयोगाच्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि तेही लगेच: पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येऊ शकतात. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि विकणाऱ्याचा नंबर फोन करतानाच समोर ठेवा. चॅट डिलीट करू नका, तो समोरून डिलीट करायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.