जबड्याचं ऑपरेशन आणि 'तसलं काही नाहीये हो'

जबड्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या पेशंटला 'एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून या' म्हटलं की तो गप्प होतो. सोबतची आई घाईघाईने म्हणते, "डॉक्टर, त्याला तसलं काही नाहीये हो." मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात तारांनी सरळ करणारा डॉक्टर आहे, आणि याचा दोष पेशंटच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही.

शाळेपासून हनुवटीवरून चिडवून घेतलेलं. समोरच्या दातांनी पोळीचा घास तुटत नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं, मग वर्ष-दीड वर्ष तारा. आणि तारीख जवळ आल्यावर ही चिठ्ठी हातात पडते! त्याला त्यातून एवढंच कळतं, की इथे नापास झालो तर ऑपरेशन रद्द. मग तो तिथे जाऊन 'सगळं छान आहे' असंच सांगणार.

काही जणांना बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असतो. इतरांना जाणवतही नसलेल्या व्यंगाने ते दिवसरात्र पोखरले जातात, आणि ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी बहुतेकदा समाधान होत नाही. ते आधी ओळखायलाच हवं. पण असे पेशंट थोडे. बाकीच्यांना आधार लागतो तो नंतरच्या आठवड्यांसाठी. तोंड सुजलेलं, दात रबरांनी बांधलेले, पोटात फक्त पातळ अन्न, खालचा ओठ बधिर (काहींचा थोडा कायमचाच राहतो), आणि आरशात ओळखू न येणारा चेहरा. या दिवसांत रडू येणं, 'कशाला केलं हे' वाटणं अनेकांना होतं. बहुतेकांचं सूज उतरते तसं ओसरतं. पण तेव्हा बोलायला आधीपासून ओळखीचं कोणीतरी हवं. त्या अवस्थेत नव्याने चिठ्ठी दिली तर ती अपमानच वाटते.

म्हणून माझा आग्रह आहे: रक्ततपासणी आणि फिजिशियनच्या फिटनेससारखी ही भेटही पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या कागदावर लिहा. कोण 'तसा' दिसतो ते बघून निवडू नका. तिथलं काय सर्जनला सांगितलं जाईल आणि काय नाही, तेही आधीच स्पष्ट करा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण पेशंटला तो कोणी सांगतच नाही.

गावात तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांनो, ऑपरेशननंतर 'बघू कसा दिसतोय' म्हणून येणाऱ्यांना सूज उतरेपर्यंत थोपवा.