घराबाहेर काढल्याने नशा सुटते, हे कोणी सांगितले?

गेल्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या मावशीने मला व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली विचारले, 'हे खरे आहे काय रे?' मुलगा म्हणून वाढलेल्या तिच्या एकवीस वर्षांच्या लेकराने दिवाळीत आपण मुलगी असल्याचे घरात सांगितले होते. संदेशाचे म्हणणे असे, की गांजा आणि दारूमुळे मुले 'तसली' होतात, त्यांच्या हार्मोनच्या गोळ्या हीसुद्धा नशाच असते, सौंदत्तीचे जोगप्पा (यल्लम्मा देवीला वाहिलेले, स्त्रीवेशात राहणारे भक्त) त्यांना नादी लावतात, आणि अशा मुलाला घराबाहेर काढले की महिन्याभरात ते ताळ्यावर येते. हा शेवटचा सल्ला मावशीच्या दिरांनी तिला मोठ्याने वाचून दाखवला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीनुसार देशातले 27.3 टक्के पुरुष दारू पितात; दारूने लिंगभाव बदलत असता, तर ते आपल्या प्रत्येक गल्लीत दिसले असते. त्या गोळ्यांत असते ते इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातले हार्मोन, त्याने नशा चढत नाही. पाळी जाताना त्रास होणाऱ्या स्त्रियांनाही डॉक्टर तेच देतात. मात्र डॉक्टरांना न विचारता या गोळ्या घेणे, त्यातही सिगारेट ओढत असताना, धोक्याचे आहे, कारण रक्तात गुठळ्या होऊ शकतात. जोगप्पांविषयी एवढेच सांगतो, की डोक्यावर देवीचा जग (मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन दारी आलेल्यांच्या परडीत आपल्या आज्यांनी भक्तीने जोगवा घातला आहे.

पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या, तरुणांत नशेचे प्रमाण जास्त आढळते, एवढे मला मान्य करावे लागते. पण ते का, हे संदेश लिहिणाऱ्याने विचारलेच नाही. ऑगस्टस क्लाइन आणि सरित गोलब यांनी 2016 साली अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक पारलिंगी प्रौढांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भेदभाव सोसण्यासाठी दारूचा किंवा अमली पदार्थांचा आधार घेतल्याचे त्यांतल्या सुमारे 26 टक्के लोकांनी सांगितले होते, आणि कुटुंबाने जितके अधिक झिडकारले, तितके हे प्रमाण आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाणही वाढलेले दिसले. म्हणजे संदेश ज्याला औषध म्हणतो, तेच दुखणे वाढवणारे आहे.

खानापुरातून हाकललेली मुलगी बेळगावच्या स्टँडवर जाईल, तिथून पुण्याला किंवा मुंबईला. तिला भाड्याने खोली मिळणार नाही, कामावर कोणी ठेवणार नाही, आणि रात्री रस्त्यावर उभे राहायची वेळ आली, तर भीती मारायला हाताशी दारूच असेल. शिवाय पारलिंगी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या 18 व्या कलमानुसार गुन्हा असून त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद आहे. हे दिरांनीही वाचावे.

माझी मावसबहीण अधूनमधून पिते, हे मावशीनेच मला सांगितले. दिवाळीआधी ती पीत नव्हती. घरातल्यांनी तिच्याशी बोलणे बंद केले, त्यानंतर हे सुरू झाले. व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे सरकारी क्रमांक मी मावशीला दिले आहेत, दोन्हींवर फोन फुकट लागतो. आणि फोन लावण्याआधी आज संध्याकाळी तिला जेवायला हाक मार, असेही मी कळवले आहे.